मालतीकाकूंची छुट्टी

मालतीकाकूंना दर महिन्याला कावळा शिवत असे. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांचे वय साठीला एक कमी होते.

कावळा शिवला की बाईने चार दिवस बाजूला बसायचे, घरात कशालाही हात लावायचा नाही, हा नियम पुष्कळ घरांतून गेला आहे. वाराणसीच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्या घरातून तो गेला नव्हता. घर अण्णांचे. अण्णा म्हणजे काकूंचे यजमान. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धकर्मे पंचगंगा घाटावर करून देणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. यात्रेकरू त्यांच्याच घरी तळमजल्यावर उतरत आणि घरचे, सोवळ्यातले जेवण जेवत. ते रांधत काकू.

मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक. नाशिकहून वाराणसीला आले होते आणि खोली शोधत होते. एकटी बाई, अखबारात नोकरी, येण्याजाण्याची वेळ ठरलेली नाही, एवढे ऐकल्यावर बाकीच्या घरमालकांना अचानक पाहुणे येणार असल्याचे आठवत होते. अण्णांनी गोत्र विचारले आणि गच्चीकडे बोट केले. "खोली वर आहे. सौभाग्यवती दाखवील. पण तिला शिवू नका, ती बाजूला आहे."

वर गेले. गच्चीला माकडांसाठी लोखंडी जाळी होती. गच्चीवर दोन खोल्या होत्या. एका खोलीत बाजेवर एक गोऱ्या, ठेंगण्या बाई बसल्या होत्या. पाय समोरच्या ट्रंकेवर. नाकावर चष्मा, हातात हिंदीतले प्राकृतिक भूगोलाचे जाडजूड पुस्तक.

"लांब उभी राहा," त्या म्हणाल्या. "मला उठता येत नाही, शिवशील. शेजारची खोली आहे, तूच बघून ये."

बघून आले. खोली ठीक होती.

"तू पाळतेस का?"

"नाही."

"तुझी मर्जी. पण पाळलंस तर फायदा आहे."

मी खोली घेतली. फायदा काय, ते कळायला थोडे महिने लागले.

काकूंचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होई. न्हाऊन, ओलेत्याने वाळत घातलेले सोवळ्याचे लुगडे नेसून त्या स्वयंपाकघरात शिरत, त्या दुपार कलेपर्यंत. श्राद्धाचा स्वयंपाक म्हणजे वडे, खीर, आमटी, कढी, भाज्या, चटण्या. शिवाय पिंडांसाठी वेगळा भात. यात्रेकरूंत एखादे पथ्याचे माणूस असेच. त्याची मऊ खिचडी निराळी. हे आटोपले की घरचे जेवण, मग भांडी, मग उद्याचे भिजवणे आणि निवडणे. अण्णांना घाटावर दक्षिणा मिळे, लोक पाया पडत. काकूंबद्दल विचारले तर अण्णा सांगत, "ती मला मदत करते."

महिन्याचे चार दिवस मात्र काकू वर असत. सासू गेल्यापासून घरात दुसरी बाई नव्हती. सोवळे तर मोडायचे नव्हते. त्यामुळे ते चार दिवस घाटावर धाकट्या चुलतभावाला पाठवून अण्णा स्वतः रांधत. स्वयंपाक हे बायकांचे काम आहे असे त्यांचे मत होते आणि ते हे मत आमटीला फोडणी देता देता सांगत. आमटी उत्तम होई. काकूंपेक्षा चांगली होई. काकू वरून निरोप पाठवत, "आज मीठ जरा कमी." त्या निरोपाने अण्णा दुसऱ्या दिवशी ईर्षेने रांधत.

काकूंचे ताट अण्णा स्वतः वर आणत. उंबऱ्याबाहेर उभे राहून ते जमिनीवर ठेवत आणि बोटांच्या टोकांनी आत सरकवत. इतक्या वर्षांच्या सवयीने ताट नेमके बाजेपाशी जाऊन थांबे.

एका दुपारी मी न राहवून म्हणाले, "काकू, एक विचारू?"

"विचारू नकोस. अखबारवाली आहेस, वय विचारलंस तेव्हा सांगितलंय, तूच हिशेब कर."

मी बोटांवर हिशेब केला.

"बंद होऊन जमाना झाला," त्या पान उलटत म्हणाल्या. "म्हणून काय छुट्टी बंद करू?"

"आणि कुणाला कळलं नाही?"

"कळायला विचारायला लागतं. विचारायला तोंड लागतं. यांना सुतकाचे सगळे नियम पाठ आहेत. अमेरिकेतल्या चुलतभावाच्या नातवाचं काय, ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण हे संपतं कधी, हा सवाल त्यांना कधी पडलाच नाही. मी कशाला परेशान करू?"

या छुट्टीचे त्यांनी नियम केले होते आणि ते त्या काटेकोर पाळत. पितृपक्षात, म्हणजे काशीत यात्रेकरूंची सर्वांत मोठी गर्दी असते तेव्हा, कावळा कधी शिवत नसे. "धंद्याच्या टायमाला छुट्टी घ्यायची नाही. ते बेइमानीचं काम," असे त्या म्हणत. अडलेल्या, म्हाताऱ्या यात्रेकरूंच्या दिवशीही नाही. उलट अण्णांच्या थोरल्या बहिणीचे पत्र किंवा फोन आला, की ती स्टेशनावर उतरण्याच्या दिवशी सकाळीच काकू वर जात. नणंदबाई चार दिवस भावाच्या हातचे जेवत आणि परत गेल्यावर सगळ्यांना सांगत की वहिनीची प्रकृती आताशा बरी नसते.

चार दिवसांत काकू शिकत. बारावीची परीक्षा होऊन निकाल लागायच्या आत त्यांचे लग्न झाले होते. पास झाल्याचे त्यांना माहेराहून कळले तेव्हा त्या वड्यांचे पीठ मळत होत्या. पुढे मुलगा मोठा झाल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठात नाव घातले. बी.ए. व्हायला पुष्कळ वर्षे लागली. आता भूगोलात एम.ए. चालले होते.

"चार दिवसांत अभ्यास होतो?" मी विचारले.

"चार दिवस वाचायचं, बाकीचे दिवस भाजी निवडताना आठवायचं. पक्कं होतं. तुमच्यासारखं रोज वाचलं तर राहत नाही डोक्यात."

परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे कावळा येई. पहिल्या परीक्षेच्या वेळी अण्णांनी हरकत घेतली होती. बाजूला बसलेली बाई घराबाहेर कशी जाते? काकू म्हणाल्या, "घरात शिवायचं नाही असं आहे. परीक्षा घरात नाही." अण्णांनी विचार केला, त्यांना त्याविरुद्ध वचन सापडले नाही. "आल्यावर न्हाऊन वर जा," एवढेच ते म्हणाले. काकू मैदागिनपर्यंत चालत गेल्या, तिथून ई-रिक्षा केली आणि हिमनद्यांवर पेपर लिहून आल्या.

हे सगळे ऐकून कुणाला वाटेल की त्यांना ती वरची खोली पहिल्यापासून आवडत होती. तसे नव्हते. जेवणघराच्या भिंतीवर एक फोटो आहे. त्यांचा एकुलता मुलगा प्रसाद याच्या मुंजीतला. मुंजीत मातृभोजन असते. आई मुलाला शेवटचे आपल्या पानात जेवू घालते. फोटोत प्रसादला घास भरवणाऱ्या बाई काकू नाहीत. काकूंना त्या सकाळी खरोखरच कावळा शिवला होता. नातेवाईक जमले होते, मुहूर्त ठरला होता. अण्णांनी त्यावर असतो तो शांतीचा विधी केला आणि कार्य उरकले. आईच्या जागी जाऊबाई बसल्या. काकूंनी मंगलाष्टके गच्चीच्या जाळीतून ऐकली.

तो फोटो त्यांनी मला पहिल्याच महिन्यात दाखवला होता. "जाऊबाई छान आल्यात," म्हणाल्या. दुसरे काही म्हणाल्या नाहीत. नंतर एकदा, वर, पुस्तकात खूण घालताना त्या आपणहून बोलल्या, "त्या दिवशी मी ठरवलं. या खोलीने माझं घेतलंय, आता हिच्याकडून घ्यायचं."

प्रसादचे लग्न झाले आणि नवराबायको वाराणसीलाच राहायला आले. तो एका कंपनीचे काम घरून करतो. सून रुचा नागपूरची, फिजिओथेरपिस्ट, इथल्याच एका दवाखान्यात लागली. मुलगी मोकळी आणि सरळ. पहिल्याच महिन्यात तिने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगितले, "आई, माझी पाळी आलीये. मी बाजूला बसणार नाही. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे भांडून घेऊ."

काकू म्हणाल्या, "मला चालतं. कुकर लाव."

गोष्ट तिथे मिटायची. पण प्रसादला ती तात्त्विक पातळीवर मिटवायची होती. रविवारी मी त्यांच्याकडे जेवत असे. त्या रविवारी तो पानावरून म्हणाला, "अण्णा, ये सब बंद होना चाहिए. रुचाचं सोडा. आईचं काय? इतकी वर्षं तुम्ही तिला वर बसवून ठेवलंत. लांबून ताट सरकवता. घरच्या बाईला कैदी केलंत तुम्ही."

सगळ्यांना वाटले, अण्णा पानावरून उठतील. अण्णांनी काकूंकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "बरं. आजपासून बंद. दोघींनाही."

काकू भात वाढत होत्या. त्यांचा हात पातेल्यात तसाच राहिला. मग त्यांनी मला वाढले.

प्रसादच्या डोळ्यांत पाणी आले होते. "आई, आता तुला वर जावं लागणार नाही."

"नाही का?"

"कधीच नाही."

"वा," काकू म्हणाल्या.

त्याच्या डोक्यामागे मुंजीचा फोटो होता.

वरच्या खोलीत प्रसादने ऑफिस थाटले. एसी बसला, काचेचे दार बसले. बाज गच्चीच्या कठड्याला उभी करून ठेवली गेली. पुस्तके ट्रंकेत आणि ट्रंक जाळीखाली, ताडपत्री घालून. काकू आता महिनाभर उभ्या असत. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा आली आणि गेली. त्या दिवशी साताऱ्याकडचे कुटुंब उतरले होते आणि वडे कमी पडले होते. चुलतभावाला घाटावर पाठवायचे कारण उरले नाही, अण्णा आता महिनाभर स्वतः जात. आमटी काकूंच्या हातची झाली. ती बरी होती.

त्या थंडीत काकूंचे गुडघे सुजले आणि डोके जड राहू लागले. रुचा त्यांना रोज संध्याकाळी व्यायाम देई. मी एकदा तिथेच चहा पीत होते.

"आई, तुमच्या गुडघ्यांना आराम पाहिजे हो."

"होता," काकू म्हणाल्या.

रुचाने पाय वर उचलून धरला. "पाळी कधी बंद झाली तुमची? हाडांचं बघायला लागेल."

"त्या रविवारी."

रुचाचा हात थांबला. ती मनात वर्षे मोजत असावी. "आई, कोणत्या रविवारी?"

"प्रसादने केली त्या. डॉक्टरांना जमलं नसतं, त्याने एका जेवणात बंद केली."

रुचा हसायला लागली. इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. मग हसणे संपले आणि ती तशीच बसून राहिली.

"मग सरळ मागा ना छुट्टी," ती म्हणाली.

"कारण काय सांगू?"

"कारण कशाला पाहिजे?"

"तू दवाखान्यात मागून बघितलीस कधी, बिना कारणाची?"

रुचाने विचार केला. "नाही. आजारी असल्याचं सांगते."

"तेच तर."

तरी काकूंनी मागितली. पुढच्या रविवारी, सगळे जेवत असताना, उभ्यानेच. "मला महिन्यातून चार दिवस छुट्टी पाहिजे."

"कशासाठी?" अण्णा म्हणाले.

"कशासाठी नाही."

"बरं नाही का तुला?"

"बरं आहे."

"मग?"

"मग काय?"

प्रसाद म्हणाला, "आई, स्वयंपाकाला बाई लावू या."

"यात्रेकरूंना सोवळ्यातलं लागतं. बाहेरच्या बाईचं चालत नाही," अण्णा म्हणाले.

"मग कुठे फिरून ये. मी तिकीट काढतो. चारधाम?"

"मला कुठे जायचं नाही. वर बसायचंय."

"आई!" प्रसादने घास खाली ठेवला. "त्याचसाठी तर मी भांडलो अण्णांशी!"

विटाळ होता तोवर या घराने कारण न विचारता चार दिवस दिले होते. आता विटाळ नव्हता, आणि एक धडधाकट बाई बसायचे म्हणत होती. रुचा म्हणाली, "द्यायला काय हरकत आहे?" अण्णा म्हणाले, "हरकत नाही. पण लोकांना सांगायचं काय?" विषय तिथेच राहिला. काकूंनी ताक वाढले.

दोन दिवसांनी सकाळी काकू न्हाल्या, रोजचे सुती पातळ नेसल्या आणि स्वयंपाकघरात जायच्या ऐवजी जिना चढल्या. मी ऑफिसला निघत होते. त्यांनी कठड्याची बाज आडवी केली, ताडपत्री काढली, ट्रंक पुढे ओढली, तिच्यातून पुस्तक काढले आणि ट्रंकेवर पाय ठेवले. काचेच्या दाराआड प्रसाद कानाला यंत्र लावून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. त्याने त्यांना पाहिले आणि बोलणे मध्येच विसरला.

खाली लातूरचे यात्रेकरू उतरले होते. श्राद्ध त्याच दिवशी होते.

अण्णा वर आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, नेहमीच्या अंतरावर थांबले.

"काय गं, शिवायचं नाही का?"

"शिवा की."

अण्णा हलले नाहीत. "खाली माणसं आलीत."

"दिसली."

"पिंडांचा भात व्हायचाय."

"तांदूळ काढून ठेवलेत."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी चपला घालत होते, त्या घालत राहिले. खालून रुचाची हाक आली, "अण्णा, मी ड्यूटीवर जाते! खोबरं खवलंय! वाटायचं प्रसादला सांगा!" आणि दार लागल्याचा आवाज आला.

अण्णांनी काचेच्या दारावर टकटक केले. "प्रसाद, तुझं बोलणं झालं की न्हाऊन खाली ये. सोवळं नेस."

पुढचे मला प्रसादने सांगितले. भात झाला, वडे झाले, घाटावर चुलतभाऊ गेला आणि श्राद्ध पार पडले. दुपारी अण्णांनी ताट वर नेले, उंबरा नव्हता तरी थांबले, ताट खाली ठेवले आणि बोटांनी सरकवले. ते बाजेपाशी गेले.

"हातात द्या," काकू म्हणाल्या. "विटाळ तुम्हीच बंद केलात ना?"

अण्णांनी ताट उचलले आणि हातात दिले. परत जाताना त्यांनी विचारले, "मीठ?"

"जरा कमी."

त्यानंतर दर महिन्याला तसेच होऊ लागले. कुणी त्याला परवानगी दिली नाही आणि कुणी काढून घेतली नाही. परीक्षेचा अर्ज रुचाने भरला. 

माझी लखनौला बदली झाली तो दिवस छुट्टीतलाच निघाला. सामान टेंपोत चढवून मी निरोप घ्यायला आत गेले. स्वयंपाकघरात अण्णा सोवळे नेसून फोडणी करत होते. दारात सांगलीकडच्या एक यात्रेकरू बाई उभ्या होत्या. वय काकूंएवढेच. खांद्याला नवऱ्याच्या औषधांची पिशवी. मागच्या खोलीतून नवरा हाका मारत होता, "अगं, माझा टॉवेल कुठंय? अगं, गरम पाणी!"

"गुरुजी, तुम्ही रांधताय? बाई कुठं गेल्या?"

"बाजूला आहे," अण्णा म्हणाले.

"असं?" बाईंनी काल संध्याकाळी काकूंना पाहिले होते. पांढरे केस पाहिले होते. "वय काय हो त्यांचं?"

"बासष्ट."

"आणि अजून?"

अण्णांनी डाळीत फोडणी ओतली. चर्र आवाज विरेपर्यंत थांबले. "अजून," ते म्हणाले.

बाईंनी जिन्याकडे पाहिले. "जरा बघून येते," म्हणाल्या आणि हळूहळू जिना चढू लागल्या.

मी अण्णांना नमस्कार केला. "अण्णा, खोटं बोललात."

"दुसरा शब्द नाही ना," ते म्हणाले. मग पळी पुसत, माझ्याकडे न बघता, "तू काय समजलीस? पंचांगावर पोट भरणारा माणूस मी. मला मोजता येत नाही?"

"म्हणजे तुम्हाला आधीपासून...? मग बंद का केलंत?"

"पोरगा सगळ्यांसमोर बोलला. मी काय सांगायचं होतं, की तुझी आई..." ते थांबले. "जरा रुक, करपेल." आणि त्यांनी गॅस बारीक केला. मागच्या खोलीतून पुन्हा हाक आली, "अगं!" कुणी ओ दिली नाही.

मी वर गेले. ऊन जाळीतून गच्चीवर चौकोन पाडत होते. बाजेच्या एका टोकाला काकू होत्या, पुस्तक उघडे. दुसऱ्या टोकाला सांगलीच्या बाई. औषधांची पिशवी बाजेखाली होती आणि चारही पाय ट्रंकेवर होते.

"तुम्हीपण?" मी विचारले.

"आत्ताच शिवला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मी काकूंच्या पाया पडायला पुढे झाले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"लांब उभी राहा," त्या म्हणाल्या. "दोघींना शिवशील."